दादाच्या कानातली गळती

माझ्या भावाला पाणीपुरवठा खात्यात नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे त्याला ‘कान’ म्हणतात. “कानाला बोलवा”, “कान आज रजेवर आहे”, “कान म्हणाला ना, मग खणा” असं अगदी आदराने बोलतात आणि त्यात कुणालाच काही गमतीचं वाटत नाही. मला सुरुवातीला वाटायचं. आता मलाही वाटत नाही.

त्याचं काम असं. जमिनीखालच्या पाण्याच्या नळ्या कुठेतरी फुटतात आणि पाणी वर न येता खालच्या खालीच मुरत राहतं. ती जागा शोधायला दादाकडे एक दांडी आहे. पोलादी, कमरेच्या वर येईल एवढी, वरच्या टोकाला लाकडाची वाटी. खालचं टोक व्हॉल्ववर टेकवायचं, वाटी कानाला लावायची आणि ऐकायचं. हे सगळं रहदारी सुरू व्हायच्या आत, उजाडता उजाडता. फुटल्या जागेतून पाणी सुटतं तेव्हा सूंऽऽ असा आवाज येतो. जवळ गेलं की तो वाढतो, लांब गेलं की कमी होतो. म्हणून एका जागी ऐकून कधीही बोलायचं नाही. इकडे ऐकायचं, तिकडे ऐकायचं, आणि तरीही शंका असली तर व्हॉल्व बंद करून पुन्हा ऐकायचं. आवाज थांबला तर गळती. नाही थांबला तर दुसरंच काहीतरी, कुणाचा पंप किंवा विजेची तार. मला हे पाठ आहे, कारण दादा जेवताना दुसऱ्या कशावर बोलतच नसे. वहिनी त्याला म्हणायची, “अहो, ताटात तरी नळ्या आणू नका.”

मी दादाकडेच राहते. लग्न केलं नाही. त्याची कारणं विचारू नका, फारशी नव्हतीच. पन्नाशीला टेकले तरी दादा मला छोटी म्हणतो. आमचं घर तीन खोल्यांचं, एकामागे एक. पुढच्या खोलीत माझं शिलाईमशीन आहे. मी नवे कपडे शिवत नाही, जुने दुरुस्त करते. चेन बदलते, पँट आखूड करते, आणि लोकांची पोटं सुटतील तसतसे त्यांचे कपडे सैल करते. माझा धंदा कधी बसायचा नाही.

मधली खोली वहिनीची होती. तिची फुप्फुसं कामातून गेली होती, आणि शेवटी शेवटी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र तिच्या उशाशी चालू असायचं. जवळ उभं राहिलं तर ते घरघरायचं आणि मधेच फुस्स करायचं. भिंतीपलीकडून मात्र नुसती एकसारखी सूंऽऽ ऐकू यायची. दादाला पहाटे उठायचं असतं म्हणून वहिनीनेच त्याला मागच्या खोलीत झोपायला लावलं. मी पुढच्या खोलीत. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना, भिंतीआड.

एका दुपारी ती गेली. मी तिथे होते, दादाही होता. मशीनवाल्याचा माणूस दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन गेला, जाताना त्याच्या चाकांनी उंबऱ्याची कड खरवडली. मला रडू येईल म्हणून मी थोडे दिवस वाट पाहिली. आलं नाही. मग एका बाईच्या जाकिटाची चेन राहिली होती, ती लावायला घेतली. दादा कामावर जायला लागला. आम्ही जेवायचो, भांडी घासायचो, दिवे मालवायचो. कुणी विचारलं, कसे आहात, तर दोघंही “ठीक” म्हणायचो आणि ते खोटंही नव्हतं. आत काही हलतच नव्हतं.

त्यानंतर बेकरीचं प्रकरण झालं.

दादाने एका पहाटे बेकरीसमोरच्या व्हॉल्ववर दांडी टेकवली, ऐकलं आणि “खणा” म्हणाला. कानाने सांगितल्यावर कोण विचारतो? खणलं. छातीएवढा खड्डा झाला आणि आत माती कोरडी ठणठणीत. नळी धडधाकट. आणखी थोडं खणलं, तेही कोरडं. तोवर दुकानं उघडली, बेकरीवाल्याच्या दाराशी खड्डा, गिऱ्हाइकं फळीवरून तोल सावरत पाव घ्यायला जाताहेत, आणि त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. दादा खड्ड्याच्या कडेला उभा होता. तो म्हणाला, “मला अजून ऐकू येतंय.” दांडी तेव्हा त्याच्या खांद्यावर होती.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. मला किंवा तुम्हाला कानात सूं ऐकू आली तर आपण कान खाजवू. दादाने रस्ता खणला.

त्याच्या साहेब बाई आहेत, शिकलेल्या, वयाने आमच्याहून बऱ्याच लहान आणि माणूस म्हणून चांगल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या त्याला एवढंच म्हणाल्या, “तुम्ही एका जागी ऐकून कधी बोलत नाही. या वेळी का बोललात?” दादाने दांडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग त्यांनी सांगितलं, की जुन्या गोदामामागच्या लाइनीवर पाण्याचा दाब कमी होतोय, तिथली पाहणी लवकरच आहे आणि त्या वेळी त्या स्वतः हजर राहतील. तिथेही चुकलं तर दांडी कपाटात आणि दादा तक्रारीच्या खिडकीवर.

तक्रारीच्या खिडकीवर! सबंध दिवस लोकांचं ऐकून घ्यायचं आणि वर त्यांच्याशी बोलायचं. जो माणूस घरात दिवसाकाठी मोजकं बोलतो, त्याला तिथे बसवणं म्हणजे जिवंतपणी भिंतीत चिणणं. मी त्याला म्हटलं, “दादा, तू तिथे चार दिवस टिकणार नाहीस.” तो म्हणाला, “बघू.” आमच्या घरात तेव्हा सगळ्याचं उत्तर ‘बघू’ होतं.

माझ्या गिऱ्हाइकांत एक वैद्यबाई आहेत. त्यांच्या पांढऱ्या कोटाचे खिसे कायम फाटलेले, कारण त्या खिशात बाटल्या कोंबतात. मी खिशांना दुहेरी कापड लावून देते, त्या तेही फाडतात. त्यांना मी दादाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आधी कानाच्या डॉक्टरकडे न्या. पडदा शाबूत आहे का, ऐकणं किती आहे, ते कळल्याशिवाय मी कानाला हात लावणार नाही.”

तसं नेलं. पडदा शाबूत निघाला. बारीक, उंच पट्टीचे आवाज उजव्या कानाला कमी येतात असं निघालं. वयाने होतं, डॉक्टर म्हणाले, आणि कानात आवाज येतो त्यावर खास गोळी नाही, सवय करा. दादा “ठीक” म्हणाला.

मग आम्ही वैद्यबाईंच्या दवाखान्यात गेलो. एका बाजूला कपाटं, खिडकीत वाळत घातलेल्या मुळ्या, आणि तेल कढवल्याचा वास पडद्यांतसुद्धा मुरलेला. त्यांनी दादाची नाडी पाहिली, जीभ पाहिली. झोप कशी, भूक कशी, पोट साफ होतं का, चहा किती. मग विचारलं, “आवाज कसा आहे?”

“गळतीसारखा,” दादा म्हणाला.

“सुरू कधी झाला?”

दादा भिंतीकडे बघत राहिला. “झाले काही महिने.”

त्यांनी समजावून सांगितलं, की याला आमच्याकडे कर्णनाद म्हणतात. झोप तुटली, जेवणाच्या वेळा मोडल्या, माणूस आतून कोरडा पडला की वात वाढतो, आणि तो कानात ठाण मांडून बसतो. कोमट तेल कानात काही वेळ धरायचं, कानामागे चोळायचं. तळपायांना तेल लावून झोपायचं. सकाळी नाकात थेंब. जेवण ऊन आणि वेळेवर, चहा कमी. “आणि अगदी गुपचूप खोलीत बसायचं नाही,” त्या म्हणाल्या. “बाहेर शांत झालं की आतला आवाज मोठा वाटतो.”

“बरा होईल ना?” मी विचारलं.

“तसा शब्द देणार नाही. झोप येईल. आवाजाची धार थोडी बोथट होईल, झाली तर. ऐकणं कमी झालंय ते मी परत आणू शकत नाही.”

मला रागच आला. मी तर कापड बघायच्या आधी “होईल” म्हणते, नाहीतर गिऱ्हाईक पायरी चढत नाही. आणि या बाई, एवढी कपाटं भरून औषधं, आणि म्हणे झाली तर! घरी येताना मी दादाला म्हटलं, “बाईंना धंदा कळत नाही.” तो म्हणाला, “बघू.”

तरी मी कंबर कसली. रोज संध्याकाळी तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवायची, माझ्या मनगटावर थेंब टाकून बघायची, दादाला डाव्या कुशीवर झोपवायचं आणि उजव्या कानात हळूहळू तेल सोडायचं. कान भरला की मी कानामागे अंगठ्याने चोळायचे. लहानपणी त्याने माझे कान पिळले होते, आता मी त्याचे चोळत होते. हे त्याला बोलूनही दाखवलं, पण तेलाने कान भरलेला, त्याला कुठलं ऐकू जायला. मग तेल मुरत ठेवून मी पुढच्या खोलीत कामाला जायचे.

एवढं करून फरक शून्य. झोप नाही, डोळे खोल गेलेले, आणि गोदामामागची पाहणी तोंडावर आलेली. मी वैद्यबाईंना मनातल्या मनात बरंच काही बोलून घेतलं.

एका संध्याकाळी तेल घालून बाहेर आले आणि कात्री आतच राहिली म्हणून परत फिरले. दादा पलंगाच्या कडेला बसला होता. मान उजवीकडे कलती करून, कानाखाली टॉवेल धरून, तो कानातलं तेल ओतून टाकत होता. निगुतीने, एक थेंब कानात राहू नये असं. टॉवेल बघूनच कळलं, की हे काही आज पहिल्यांदा होत नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या दिवसांत काही वाटलं नव्हतं, ते पहिल्यांदा काही वाटलं तर राग. “मी इथे मनगट भाजून घेतेय आणि तू टॉवेलला पाजतोयस? तुला खिडकीवर बसायची हौस आलीय का? नसेल घ्यायचं औषध तर तोंडाने सांग की! मला काय मूर्ख समजतोस?”

त्याने टॉवेलची घडी घातली, ती मांडीवर ठेवली. मग टॉवेलकडे बघतच म्हणाला, “त्या दिवशी ती गेल्यावर तिचं मशीन मी बंद केलं.”

“हो. मग?”

“बटण बंद केलं. आवाज थांबला नाही.”

मी कात्री उचलली, परत ठेवली.

“पलीकडे मशीन चालू आहे ना, म्हणजे ती आहे, असं समजून मी झोपायचो,” तो म्हणाला. “तो अजून येतो. गळती नाही ती, मला काय कळत नाही? बेकरीपाशीही आतून कळत होतं. पण दांडी टेकवली आणि वाटलं, बाहेरून येतोय. खरंच कुठूनतरी येतोय.” मग म्हणाला, “तुम्ही दोघी मिळून तो बंद करायला निघालात.”

मला काहीतरी वाटायला हवं होतं. वहिनीची खोली भिंतीपलीकडे होती, दार लोटलेलं. मी तिकडे बघितलं, दादाकडे बघितलं, आणि राग आला होता तोही विरून गेला. मागे काहीच उरलं नाही. मी म्हटलं, “टॉवेल भिजत घाल. तेलकट डाग मग निघत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा वैद्यबाईंकडे नेलं. तो तोंड उघडणार नाही हे माहीत होतं, म्हणून मीच सगळं सांगितलं, टॉवेलसकट. मला वाटलं त्या चिडतील, निदान औषधाची नासाडी केली म्हणून. त्यांनी कोटाच्या फाटक्या खिशात हात घातला आणि तसाच ठेवला.

“मी तो बंद करते असं कधी म्हटलं होतं का?” त्यांनी दादाला विचारलं.

दादाने नाही अशी मान हलवली.

“बंद करता आला असता तर केला असता. येत नाही. बहुतेकांचा राहतोच, कमी-जास्त होतो. तुम्ही ज्याला घाबरताय ते व्हायची फारशी शक्यता नाही.”

“म्हणजे जाणार नाही?” दादाने विचारलं.

“बहुधा नाही.”

“नक्की?”

“अहो, हे ऐकून माझ्याकडे माणसं रडतात,” वैद्यबाई म्हणाल्या, “आणि तुम्ही माझ्याकडून लिहून घ्याल की काय! ऐका. तो राहू दे. पण तो आहे म्हणून त्याच्या उशाशी जागत बसायचं नाही. तेल झोपेसाठी आहे, जेवण ताकदीसाठी आहे. तुम्ही झोपलात म्हणून तो उठून जाणार नाही.”

दादाने रुमालाने नाक पुसलं. त्या दिवशी घरी येताना त्याने वाटेत थांबून आपणहून फळं घेतली. संध्याकाळी मी वाटी आणली तर तो आधीच डाव्या कुशीवर होता. मी कात्री मुद्दाम आत विसरले, परत गेले, तर तसाच पडून होता, कानात कापूस, डोळे मिटलेले.

त्यानंतर तो माझ्या शिलाईमशीनशेजारी खुर्ची टाकून बसायला लागला. म्हणे खडखड चालू असली की आतला आवाज मागे सरतो. माझी गिऱ्हाइकं दबकायची. चेन बदलायला यावं तर हा कोपऱ्यात खांबासारखा. मी त्याला बटणं लावायला बसवलं. चांगली लावतो. झोप एकदम आली नाही, तुकड्यातुकड्याने आली. एका सकाळी तो उजाडल्यावर उठला आणि ओशाळला, जणू कुणाला तरी ताटकळत ठेवलं होतं.

पाहणीच्या दिवशी मी बरोबर गेले. कशाला, असं त्याने विचारलं. थर्मास धरायला, म्हटलं. थर्मासमध्ये चहा नव्हता, वैद्यबाईंचा काढा होता, तोंड वाकडं होईल असा. गोदामामागे रस्ता निर्मनुष्य होता. साहेब आल्या होत्या, खणणारी माणसं फावड्यांवर टेकून उभी होती. इतकी वर्षं दांडीच्या गोष्टी ऐकल्या, पण दादाला ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या व्हॉल्ववर दांडी टेकवून तो ऐकत राहिला. ऐकतच राहिला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी थर्मासचं झाकण पुन्हा घट्ट केलं. मग त्याने दांडी उचलली, तशीच हवेत धरली, वाटी कानालाच, खालचं टोक कशालाच टेकलेलं नाही. पुन्हा ऐकलं.

“हा माझा,” तो म्हणाला.

“काय?” साहेबांनी विचारलं.

“हा माझ्या कानातला आहे, साहेब. तो सगळीकडे सारखाच असतो. इथे दुसरं काही नाही.” आणि पुढे चालायला लागला. कुणी हसलं नाही.

पुढच्या व्हॉल्ववर त्याने नाही अशी मान हलवली. त्याच्या पुढच्यावर थबकला. मागे आला, पुन्हा पुढे गेला, रस्त्याच्या कडेला गेला, परत आला. दर वेळी आधी दांडी हवेत धरायची, मग टेकवायची. शेवटी टाचेने मातीत खूण केली. “इथे.”

साहेबांनी विचारलं, “सगळीकडे ऐकलंत?”

“सगळीकडे ऐकलं.”

खणलं. माती आधी काळी लागली, मग चिकट, मग कुदळीच्या टोकामागून पाणी वर आलं आणि खड्ड्यात उभ्या माणसाच्या बुटांत शिरलं. तो शिव्या देत वर चढला. साहेब हसल्या. त्यांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तक्रारीच्या खिडकीला दुसरं कुणीतरी बघते.” माझा जीव भांड्यात पडला. मी थर्मास उघडून स्वतःच काढा प्यायले.

दादा मात्र खड्ड्याकडे बघत नव्हता. तो व्हॉल्वपाशी दांडी टेकवून उभा होता. “छोटे,” तो म्हणाला, “ये इकडे. ऐक.”

मी थर्मास खाली ठेवला. दांडीची वाटी त्याच्या कानाने ऊबदार झाली होती आणि तिला तेलाचा वास होता. मी ती कानाला लावली.

वहिनीच्या खोलीतलं मशीन. तेच. भिंतीपलीकडून यायचं तसं, एकसारखं, न थांबणारं. पुढच्या खोलीत मी अंथरुणावर पडलेय आणि पलीकडे ती आहे. आहे, श्वास चालू आहे. आता ती मला हाक मारेल, पाणी मागेल, माझ्या शिवणीतली चूक काढेल.

मला रडू आलं. इतके महिने आलं नाही ते तिथे आलं, खणणाऱ्या माणसांसमोर, साहेबांसमोर, दोन्ही हातांनी दांडी धरून. मला माझी वहिनी हवी होती. मी आवाज न करता रडायचा प्रयत्न केला, म्हणजे मला ऐकू येत राहील.

दादा वाकून व्हॉल्वच्या चाकाला हात घालून बसला होता. नळी जोडायची तर पाणी बंद करावं लागतं. त्याने वर माझ्याकडे बघितलं.

“करू बंद?” त्याने विचारलं.

“थांब,” मी म्हटलं. “थोडं राहू दे.”

मागून साहेब म्हणाल्या, “अहो, पाणी वाया जातंय.”

तरी दादा थांबला.